काळजाचा पत्ता

‘आरएनए’ हे नाव काही वर्षांपूर्वीपर्यंत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुरतेच होते. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न यायचा, आपण उत्तर लिहायचे आणि विसरून जायचे. करोनाच्या साथीत लसींच्या निमित्ताने हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेले. या लेखाचा विषय मात्र लस नव्हे. शरीरातील एखादे त्रासदायक जनुक आरएनएच्या छोट्याशा तुकड्याने गप्प करता येते, आणि तसे करणारी औषधे २०१८ पासून रुग्णांना मिळू लागली आहेत. जनुक गप्प कसे होते हे कोणत्याही नव्या पाठ्यपुस्तकात सापडेल. मला लिहायचे आहे ते त्याहून साध्या वाटणाऱ्या एका प्रश्नावर: हा तुकडा शरीरात नेमक्या ठिकाणी पोहोचतो तरी कसा? शोध लागल्यापासून पहिले औषध तयार होईपर्यंत जी वीस वर्षे गेली, ती बहुतांशी या एका प्रश्नातच गेली.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा, रसायनशास्त्राचा विद्यार्थी. हा विषय माझ्या अभ्यासक्रमातला नाही. तो माझ्याकडे घरातून आला.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. माझे मोठे काका त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. भाताची मळणी चालू होती, छातीत कळ आली म्हणून ते खळ्यातच बसले आणि पुन्हा उठले नाहीत. आजोबाही पन्नाशी गाठू शकले नव्हते. काकांच्या दोन्ही टाचांच्या वर, मागच्या जाड शिरेवर, बोराएवढ्या गाठी होत्या. अनवाणी चालून घट्टे पडले आहेत, असे सगळे म्हणत. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या छातीत दुखू लागले तेव्हा त्यांना बेळगावला आणले. तिथल्या डॉक्टरांनी अप्पांचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि छाती तपासण्याआधी म्हणाले, “जरा पायताण काढा बघू.” अप्पांच्या टाचांवर तशाच गाठी होत्या, आकाराने लहान.

त्या गाठी म्हणजे साठलेले कोलेस्टेरॉल. रक्तातील ज्या कोलेस्टेरॉलला बोलीभाषेत ‘वाईट’ म्हणतात, म्हणजे एलडीएल, ते अप्पांच्या रक्तात हवे त्याच्या दुपटीहून अधिक निघाले. हा दोष खाण्यापिण्याचा नव्हे, आनुवंशिक आहे. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला तो असतो, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. म्हणून आम्हा दोघा भावंडांचे रक्त तपासले. माझे ठीक आले, ताईचे वाढलेले आले. आईने पहिल्यांदा काय सांगितले असेल? “बाहेर कुठं बोलू नका.” ताईसाठी स्थळे पाहणे चालू आहे, हे त्यामागचे कारण. हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “लिही. काकांच्या टाचा कुणी वेळेवर बघितल्या असत्या तर काका आज असते.” म्हणून लिहितो आहे.

डॉक्टरांनी अप्पांना गोळ्या लिहून दिल्या आणि बोलता बोलता सांगितले की आता एक नवे औषध आले आहे. सुरुवातीचे दोन डोस झाले की पुढे वर्षातून दोनदाच पोटाच्या कातडीखाली टोचायचे. ते यकृतात जाऊन तिथले एक जनुक बंद करते, आणि कोलेस्टेरॉल उतरते. अप्पा सातवी शिकलेले, पण प्रश्न विचारायला कधी कचरत नाहीत. ते म्हणाले, “पोटाला टोचायचं आन ते बरोब्बर काळजात जातंय म्हणता. वाटंत चुकत न्हाई व्हय?” डॉक्टर हसले. मला मात्र त्या प्रश्नाने सोडले नाही.

येथे भाषेची एक गंमत सांगायला हवी. आपण ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो आणि छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा. दुकानदार हृदय देणार नाही, यकृतच देईल. जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतच. तेव्हा हृदयाच्या आजारासाठी काळजाकडे जाणारे हे औषध अप्पांना अजिबात चमत्कारिक वाटले नाही. त्यांची शंका फक्त वाटेबद्दल होती.

आता मूळ कल्पना थोडक्यात सांगतो. पेशीच्या केंद्रात डीएनए असते. ते म्हणजे कचेरीतले दप्तर. ते जागचे हलत नाही. एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या नोंदीचा उतारा काढून बाहेर पाठवला जातो. हा उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए. तो वाचून पेशीतली यंत्रणा प्रथिन तयार करते. दप्तराला हात न लावता बाहेर आलेले उतारेच फाडत राहिले, तर ते प्रथिन बनणे थांबेल. आणि फाडणे बंद केले की काही काळाने सर्व पूर्ववत होईल.

असे फाडण्याची सोय निसर्गाने पेशीतच केलेली आहे, हे माणसाला फुलांमुळे कळू लागले. १९९० मध्ये अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगाचे जनुक जादा घातले. फुले गडद होण्याऐवजी काही पांढरीशुभ्र आली, काही चट्ट्यापट्ट्यांची. घातलेले जनुकही गप्प आणि मूळचेही गप्प. याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीवर प्रयोग करून केला. दुहेरी धाग्याचे आरएनए पेशीत गेले की त्याच्याशी जुळणारा उतारा नष्ट होतो, असे त्यांना दिसले. या शोधाला २००६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुश्ल यांच्या गटाने दाखवून दिले की एकवीस अक्षरांचे छोटे दुहेरी तुकडे मानवी पेशींतही हेच काम करतात. पेशीतले आर्गोनॉट नावाचे प्रथिन दोनपैकी एक धागा हाती धरते, दुसरा टाकून देते, आणि हातातल्या धाग्याशी जुळणारा उतारा दिसला की कापते. एक कापून झाला की दुसरा, मग तिसरा. एकच तुकडा असे कितीतरी उतारे निकालात काढतो.

हे कळल्यावर जगभर उत्साहाची लाट आली, यात नवल नाही. ज्या जनुकाची अक्षरे माहीत आहेत, त्या प्रत्येकावर औषध करता येईल असे वाटू लागले. कंपन्या निघाल्या, पैसा ओतला गेला. २००६ मध्ये मर्क या अमेरिकी कंपनीने या क्षेत्रातील एक छोटी कंपनी तब्बल ११० कोटी डॉलरना विकत घेतली. आणि मग सगळे गाडे अडले ते अप्पांच्या प्रश्नावर: वाटेत चुकत नाही का?

चुकते, इतकेच नव्हे, बहुधा पोहोचतच नाही. आपल्या नेहमीच्या गोळ्यांतले रेणू लहान असतात. ॲस्पिरिनच्या रेणूचा भार १८० आहे. आरएनएच्या या दुहेरी तुकड्याचा भार तेरा हजारांच्या घरात, म्हणजे सत्तरपटीहून अधिक. त्यावर चाळीसच्या आसपास ऋण विद्युतभार. पेशीचे आवरण असते स्निग्ध. अशा भारित, पाण्यात रमणाऱ्या रेणूला ते दारातही उभे करत नाही. पण दारापर्यंत जाण्याची वेळ तरी कुठे येते? साधा आरएनए रक्तात सोडला की तिथली विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचला तर मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात. शिवाय परके आरएनए म्हणजे विषाणू आला, असे समजून शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा खवळते ती वेगळीच.

यातूनही एखादा तुकडा पेशीत शिरला, तरी तो मोकळा होत नाही. पेशी बाहेरची वस्तू आत घेते ती एका पिशवीत गुंडाळून. या पिशवीला एन्डोसोम म्हणतात. पिशवीतला माल हळूहळू आम्लात विरघळवून नष्ट करायचा, ही पेशीची रीत. उतारे फिरतात ते पिशवीच्या बाहेर. म्हणजे टपाल घरात आले खरे, पण न उघडताच चुलीत गेले. मोजमाप करणाऱ्यांना असे आढळले की आत शिरलेल्या शंभर तुकड्यांपैकी जेमतेम एक-दोन या पिशवीतून निसटून कामाच्या जागी पोहोचतात.

पहिल्या प्रयोगकर्त्यांनी यातून एक पळवाट काढली. रक्ताच्या वाटेला जायचेच नाही, औषध थेट डोळ्यात टोचायचे. म्हातारपणी दृष्टी घालवणाऱ्या एका विकारावर २००४ मध्ये असे प्रयोग सुरू झाले. २००९ मध्ये त्यांतला आघाडीचा प्रयोग थांबवावा लागला. त्याआधीच, २००८ मध्ये, उंदरांवरच्या अभ्यासातून दिसले होते की असे तुकडे पेशीत न शिरताही, केवळ बाहेरच्या धोक्याच्या घंटा वाजवून परिणाम घडवतात. तुकड्यात कोणती अक्षरे आहेत याला फारसे महत्त्व उरत नाही. २०१० मध्ये रोश या स्विस कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. मर्कने ११० कोटींना घेतलेली कंपनी २०१४ मध्ये सुमारे साडेसतरा कोटी डॉलरना विकून टाकली. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने विषय संपला होता.

तो संपला नाही, याचे श्रेय पोहोचवण्याच्या दोन वाटा चिकाटीने शोधणाऱ्यांना आहे.

पहिली वाट स्निग्ध थेंबांची. आरएनएचे तुकडे चरबीसारख्या रेणूंच्या अतिसूक्ष्म थेंबात बंद करायचे. थेंबाचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. पण साधी चरबी चालत नाही. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी युक्ती इथे आहे. हे स्निग्ध रेणू असे घडवले की आम्लात त्यांच्यावर धन भार यावा आणि रक्तासारख्या जवळजवळ उदासीन द्रवात तो नाहीसा व्हावा. थेंब बनवताना माध्यम आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे ऋण भाराचा आरएनए त्यांना घट्ट चिकटतो. रक्तात भार नाही, त्यामुळे थेंब निरुपद्रवी. पुढे पेशीच्या पिशवीत आम्ल वाढू लागले की धन भार परत येतो आणि पिशवीचे आवरण फुटते. ज्या आम्लाने माल नष्ट व्हायचा, तेच आम्ल कुलूप उघडते! कॅनडातील पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या कामात मोठा वाटा आहे.

आणि पत्ता? तो रक्तानेच लिहिला. रक्तात शिरल्यावर या थेंबांवर ‘अपोलिपोप्रोटीन ई’ नावाचे प्रथिन येऊन बसते. यकृताच्या पेशींना वाटते, नेहमीचा चरबीचा कण आला. त्या त्याला एलडीएल आत घेण्याच्याच दारातून ओढून घेतात. यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना मुळातच बारीक छिद्रे असतात, त्यामुळे थेंब तिथवर सहज पोहोचतात.

या वाटेने गेलेले पहिले औषध पॅटिसिरान. अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते ज्या आजारावर आहे त्याची हकीकत पोर्तुगालमधली. पोर्तो शहरातील डॉक्टर कोरिनो आंद्राद यांना पोव्होआ द व्हार्झिम या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांत एक चमत्कारिक आजार दिसला. ऐन उमेदीच्या वयात पावलांची संवेदना जाते, मग पाय लुळे पडतात, आणि काही वर्षांत माणूस जातो. लोक त्याला पावलांचाच आजार म्हणत. आंद्राद यांनी १९५२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. यकृतात बनणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन बिघडून मज्जातंतूंत साठते, हे त्याचे कारण. पुढे कित्येक वर्षे यावर यकृत बदलणे हाच उपाय होता. पॅटिसिरान ते प्रथिन सुमारे ८० टक्क्यांनी कमी करते. २२५ रुग्णांवरच्या प्रयोगात ते घेणाऱ्यांचा आजार वाढायचा थांबला, काहींना थोडे बरेही वाटू लागले. हे वाचताना मला काकांच्या टाचा आठवत होत्या. तिकडे पावले, आमच्याकडे टाचा; दोन्हीकडे घराण्याचे दुखणे पायांवर लिहिलेले होते, वाचणारा भेटायला हवा होता.

या वाटेत अडचणी मात्र होत्या. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जाऊन औषध शिरेतून हळूहळू द्यावे लागते, आणि अंगावर रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टिरॉइड वगैरे औषधे द्यावी लागतात. पोटाला वर्षातून दोनदा टोचायचे ते हे नव्हे. ते दुसऱ्या वाटेचे, आणि त्या वाटेची कथा मला सर्वांत प्रिय आहे.

१९६० च्या दशकात गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मोरेल हे दोघे अमेरिकी शास्त्रज्ञ रक्तातल्या एका तांबेयुक्त प्रथिनाचा अभ्यास करत होते. ते प्रथिन रक्तात किती काळ टिकते हे पाहण्यासाठी त्याला किरणोत्सर्गी खूण लावायची होती, आणि त्यासाठी प्रथिनावरील शर्करांच्या साखळीचे टोक, सियालिक आम्ल, त्यांनी काढून टाकले. सशांना टोचल्यावर विलक्षण प्रकार दिसला. एरवी कित्येक तास रक्तात फिरत राहणारे हे प्रथिन काही मिनिटांत नाहीसे झाले. ते सगळे यकृतात जाऊन बसले होते. टोक काढल्यामुळे त्याखालची गॅलॅक्टोज नावाची शर्करा उघडी पडली होती, आणि यकृताच्या पेशींवर ही शर्करा ओळखून आत घेणारी दारे होती. यकृताच्या एकेका पेशीवर अशी लक्षावधी दारे असतात. माल आत सोडून ती काही मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर होतात. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वाय. सी. ली यांनी दाखवले की एकाऐवजी तीन शर्करा त्रिशूळासारख्या एकत्र जोडल्या तर पकड कितीतरी पटींनी घट्ट होते.

त्या काळी या शोधाचा औषधाशी काही संबंध नव्हता. आरएनएने जनुक गप्प होते हे कोणाला ठाऊकही नव्हते. पण चाळीसएक वर्षांनी, मदुराईत शिकून अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ मुथय्या मनोहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएच्या तुकड्याला हाच शर्करेचा त्रिशूळ जोडला. गॅलॅक्टोजच्या नात्यातली, अधिक घट्ट बसणारी शर्करा त्यांनी घेतली. तिला संक्षेपाने गॅलनॅक म्हणतात. थेंब नको, चरबी नको. तुकडा आणि त्याच्या टोकाला लिहिलेला पत्ता, बस्स. कातडीखाली टोचले की ते हळूहळू रक्तात उतरते आणि यकृताची दारे ते उचलून घेतात. वाटेतल्या विकरांनी तोडू नये म्हणून तुकड्यातील जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या शर्करेवर लहानसा रासायनिक बदल केलेला असतो. या मजबुतीमुळे आणखी एक फायदा झाला. पेशीच्या पिशवीत अडकलेले तुकडे लवकर नष्ट होत नाहीत. तिथेच साठून राहतात आणि महिनोन्‌महिने थोडेथोडे बाहेर झिरपतात. जी पिशवी शत्रू होती ती कोठार झाली. सहा महिन्यांतून एक डोस पुरतो तो यामुळे.

एका कन्नड भाषक मित्राला मी हे सगळे वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर समजावून सांगत होतो. तो म्हणाला, “म्हणजे पत्र सगळ्यांनाच लिहिता येत होतं, फक्त पिनकोड ठाऊक नव्हता, एवढंच की!” एवढेच. पण त्या पिनकोडासाठी सशांच्या रक्तातले एक प्रथिन कुठे जाते याची उगाचच चौकशी करणारे दोघे जण चाळीस वर्षे आधी असावे लागले. ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला विचारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अर्थात पत्ता बरोबर असला म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. गॅलनॅकवर बेतलेले एक सुरुवातीचे औषध, रेव्हुसिरान, २०१६ मध्ये मध्येच थांबवावे लागले. प्रयोगात औषध घेणाऱ्या १४० रुग्णांपैकी १८ दगावले, आणि नुसते पाणीवजा द्रव्य घेणाऱ्या ६६ पैकी २. कारण निश्चितपणे सापडले नाही. त्या तुकड्याची मजबुती कमी असल्याने डोस फार मोठा द्यावा लागत होता. यशाच्या कथा सांगताना ही अठरा माणसे गाळू नयेत, असे मला वाटते. त्यानंतरची औषधे अधिक टिकाऊ आणि डोसाने कितीतरी लहान झाली.

आता अप्पांच्या औषधाकडे येतो. त्याचे नाव इन्क्लिसिरान. ते पीसीएसके-९ या जनुकाचे उतारे कापते. या जनुकाचे प्रथिन एक विचित्र काम करते: यकृतावरची एलडीएल आत घेणारी दारे ते मोडीत काढते. ते गप्प झाले की दारे टिकतात आणि रक्तातले कोलेस्टेरॉल अधिक वेगाने यकृतात ओढले जाते. आमच्यासारख्या बहुतेक घराण्यांत या दारांचेच जनुक दोनपैकी एका प्रतीत बिघडलेले असते. म्हणजे निम्मी दारे जन्मतःच निकामी. उरलेली तरी मोडू नयेत, हा या उपायाचा हेतू.

जनुक बंद करणे धोक्याचे नाही का? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले की काही कृष्णवर्णीय अमेरिकनांत या जनुकाची एक प्रत जन्मापासूनच निकामी असते. त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी. माणसे धडधाकट. आमच्या घराण्याला जे जनुकाने दिले, त्याच्या उलट दान या लोकांना मिळाले होते. आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्या ४८२ रुग्णांवर इन्क्लिसिरानचा प्रयोग झाला; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्या एलडीएलमध्ये सुमारे ४८ टक्क्यांचा फरक दिसला. डिसेंबर २०२० मध्ये युरोपात आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ते मान्य झाले.

मग अप्पांनी ते घेतले का? नाही. किंमत विचारली, आणि जनुकाआधी आम्हीच गप्प झालो. आमच्या शेतीच्या उत्पन्नात बसणारी ती गोष्ट नव्हती. डॉक्टर समजूतदार. ते म्हणाले, गोळ्यांचा डोस वाढवू, जोडीला दुसरी गोळी देऊ, तीन महिन्यांनी पाहू. तीन महिन्यांनी आकडा बराच खाली आला. अप्पा रोज रात्री जेवण झाल्यावर न चुकता गोळ्या घेतात, आणि ताईही.

म्हणून मला वाटते, पोहोचवण्याचा प्रश्न यकृताच्या दारात संपत नाही. त्याचा एक टप्पा शरीरात अजून बाकी आहे. यकृताचा पत्ता सापडला. पण मेंदू, स्नायू, हृदय, फुफ्फुस यांचे तितके सोपे पत्ते सापडलेले नाहीत. मेंदूसाठी तुकड्याला स्निग्ध शेपटी जोडून ते पाठीच्या कण्यातील द्रवात टोचण्याचे प्रयोग माणसांवर सुरू झाले, त्यांचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. स्नायूंसाठी प्रतिपिंडाच्या पाठीवर बसवून तुकडे पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत. या वाटा तुमच्या-आमच्या पिढीला शोधायच्या आहेत, आणि त्यासाठी जीवशास्त्राइतकेच रसायनशास्त्र लागणार आहे, हे मी माझ्या वर्गमित्रांना आवर्जून सांगतो.

दुसरा टप्पा शरीराबाहेरचा. कारखान्यापासून खानापूर तालुक्यातल्या एका घरापर्यंत. रेणूला वाट दाखवणाऱ्या शास्त्राने पैशाची ही वाट अजून दाखवलेली नाही. तरी मी निराश नाही, कारण अप्पांच्या रात्रीच्या गोळीचा इतिहास माझ्यासमोर आहे. त्या जातीचे पहिले द्रव्य जपानमध्ये अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत सापडले. त्या जातीची पहिली गोळी १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, तेव्हा ती आमच्यासारख्यांसाठी नव्हतीच. पेटंटची मुदत संपली, आपल्याकडचे कारखाने ती बनवू लागले, आणि आज ती तालुक्याच्या दुकानात काही रुपयांना मिळते. काकांच्या हयातीतही ती मिळत होती. त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही ती किमतीमुळे नव्हे. त्यांना ती हवी आहे हेच कुणाला कळले नाही म्हणून.

तेव्हा महागडे औषध स्वस्त होईपर्यंत आपल्याला करता येण्यासारखे एक काम आहे. ज्यांच्या घरात कोणी चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने गेले असेल, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे आणि वडीलधाऱ्यांच्या टाचा पाहाव्यात. लग्नाच्या बाजारात काय म्हणतील, ही भीती मी जवळून पाहिली आहे. पण झाकलेल्या टाचेने आमच्या घरातला एक माणूस नेला. याच अंकाच्या कन्नड विभागात माझा तो मित्र याच विषयावर लिहितो आहे. आमच्या भागात दोन्ही भाषा बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत, आणि हा आजार कुणाची भाषा विचारून येत नाही. पत्ता दोन्ही लिप्यांत लिहिलेला बरा.